सोळा ओळी

"काढण्याआधी लिही, सूनबाई. आणि महत्त्वाचं असेल ते दोनदा लिही."

मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली, तरी पाना हातात घेतला की त्यांचा आवाज आधी येतो. त्यांच्या काळी गाड्यांत लिहिण्यासारखं फार नव्हतं. कुठली वायर कुठून निघाली, कुठल्या नळीचं तोंड कुठे, एवढंच. तरी वही असे. आता गाडी उघडली की वायरी कमी आणि डबेच जास्त, आणि डब्यांना भाषा कंपनीची. पण वही मी सोडलेली नाही.

गॅरेजचे बाकी नियमही त्यांचेच. एकदा जेवायला जाताना सोल्डरिंग गन चालू राहिली आणि अर्धं टेबल जळालं. तेव्हापासून जेवायला उठणाऱ्याने मेन स्विचपाशी जाऊन मोठ्याने विचारायचं, "खाली?" मग तीन आकडे मोजायचे. कुणाचं काही चालू असेल तर त्याने "थांब" म्हणायचं. कुणी काही बोललं नाही, तर खटका खाली. तीस वर्षांत त्या नियमाने कुणाचं वाईट केलं नव्हतं.

सिस्टरची गाडी आदल्या संध्याकाळी दोरी लावून ओढत आणली होती. सोळा वर्षांची, खिडकीची काच अर्धीच उतरणारी, पण इंजिन खणखणीत. सिस्टर म्हणजे आमच्या भागातली दाई-नर्स. लहानपणापासून दोन्ही पाय अधू, कुबड्यांवर चालते. त्या गाडीला मामंजींनी स्वतःच्या हाताने लोखंडी दांडा बसवून दिला होता. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. दुसरी कुठलीच गाडी तिला चालवता येत नाही. दांडा बसवला तेव्हा मामंजी तिला म्हणाले होते, "ही गाडी आमच्या दारातून बंद पडलेली परत जाणार नाही." शेवटच्या आजारात त्यांनी तेच वाक्य माझ्याकडून म्हणवून घेतलं.

पावसाचं पाणी झिरपून गाडीचा मुख्य डबा सडला होता. इंजिनाने कधी पेटायचं, किल्ली खरी की खोटी, सगळं त्या डब्याच्या हाती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला मुलगा अगदी गोड बोलला. "तो भाग बंद झाला, मॅडम. सोळा वर्षं म्हणजे गाडीने तुमचे पैसे फेडले. नवीन घ्या."

"नव्या गाडीला हाताचा दांडा बसेल का?"

"बाहेरचं काही लावलं तर ती सुरूच होणार नाही."

मग आमच्या 'खजिनदारा'ला फोन. हा भंगारवाला. कुठल्या ढिगाखाली काय आहे ते त्याला झोपेतही ठाऊक असतं, म्हणून हे नाव. सकाळी त्याने तसाच एक डबा पाठवला, वर निरोप, "वहिनी, असा हा एकच होता. फोडलात तर दुसरा थेट स्वर्गातूनच मागवा."

पण तो डबा दुसऱ्या गाडीचा. त्याला सिस्टरची किल्ली ओळखीची नाही. ओळख असते आतल्या एका चिपमध्ये, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या. जुन्या चिपमधलं सगळं वाचायचं आणि नव्या डब्यातल्या चिपमध्ये लिहायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं.

हे वाचायचं-लिहायचं यंत्र मामंजींनी जोडलेलं. विजेवर चालतं, वीज गेली की सगळं विसरतं. त्याचा पडदा इतका फिका की फोटोत काही उमटत नाही, आणि एका वेळी एकच ओळ दिसते. ओळीत आकडे-अक्षरांच्या सोळा जोड्या. अशा सोळा ओळी. मी वहीत एक ते सोळा क्रमांक घातले आणि उतरवायला बसले.

हे सिस्टरच्या गाडीच्या बोनेटमधून डोकं काढून हसले. गिऱ्हाइकं यांना मिस्त्री म्हणतात, मी अर्थातच काही म्हणत नाही. "यंत्राच्या पोटात सगळं आलंय की. तुला लिहायची हौसच भारी. रोज वहीत देवाचं नाव काय, आता गाडीचं काय!"

"तुमच्या वडिलांनी सांगितलंय."

"त्यांनी मला रोज व्यायामही सांगितला होता."

अकरा वाजता मी बाराव्या ओळीवर होते, तेव्हा बाकावर बसलेल्या सिस्टरचा फोन वाजला. तिचा चेहरा बघून माझं पेन थांबलं.

"कधीपासून? ... पाणी गेलं का? ... घाबरू नकोस, मी येतेय. मी म्हटलं होतं ना, मी येणार."

फोन ठेवून ती म्हणाली, "खाणीवरची बाई. कळा सुरू झाल्यात. मागच्या वेळी तिथल्या दुसऱ्या एकीकडे कुणी वेळेत पोचलं नाही, मूल गेलं. हिची पहिली खेप आहे, कळा सावकाश वाढतील. पण दिवस मावळायच्या आत मला तिथे असायला हवं."

"रुग्णवाहिका?"

"एकच आहे, ती सकाळीच दुसऱ्या टोकाला गेली. भाड्याची गाडी फाट्यापर्यंत येते. पुढे दोन मैल चढ." तिने कुबड्यांकडे पाहिलं.

आमच्याकडे स्कूटर होती, एवढंच, आणि तिच्यावर मागे बसून तोल धरणं सिस्टरच्या पायांना जमत नाही. मी पुन्हा वहीवर वाकले आणि उरलेल्या ओळी उतरवल्या. सोळावा क्रमांक भरला तसं चिप चिमट्यातून सोडवली, आणि तिचा सडलेला पाय टचकन तुटला. म्हणजे आता जुनी चिप मेली. तिच्यातलं सगळं यंत्राच्या पोटात, आणि वहीत.

पावणेबाराला मी नव्या डब्यात लिहायला लावलं. मामंजींचं यंत्र सावकाश, पाऊण तास घेतं. हिरवा दिवा लुकलुकू लागला. बारा वाजले. बारा ते साडेबारा मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माळ ओढते. यंत्र आपलं काम करत होतं, मी माझं.

सव्वाबाराच्या सुमारास हे हात पुसत मेन स्विचकडे गेले. टेबल त्यांच्या पाठीमागे होतं.

"खाली?"

मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट.

"एक."

माझं तोंड उघडलं. अकरा वर्षं जे ओठ या वेळी उघडले नव्हते, ते उघडले, आणि आवाजच आला नाही.

"दोन."

टाळी वाजवता आली असती. स्टूल पाडता आलं असतं. हातातली माळ फेकता आली असती. काही म्हणजे काही सुचलं नाही.

"तीन."

खटका पडला. हिरवा दिवा विझला.

मी उठून टेबलापाशी गेले तेव्हा यांना कळलं. यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "अगं, लिहिणं चालू होतं? आणि तू ऐकत बसलीस? देव म्हणाला असता, बोल गं बाई!"

"मिस्त्री," सिस्टर हळूच म्हणाली, "विचारताना मागे वळून बघायला काही नियमाची आडकाठी नव्हती."

यांनी खटका परत वर केला. मी सिस्टरसमोर जाऊन उभी राहिले. साडेबारा वाजायला सात मिनिटं होती. म्हटलं, "चूक माझी आहे. मी बोलायला हवं होतं."

"आता बोललात ना," ती म्हणाली. "वही आहे ना?"

वही होती. नवी चिप अर्धवट लिहिली गेलेली, यंत्राचं पोट रिकामं, पण वही होती. हे ओळी वाचू लागले, मी यंत्राच्या कळा दाबू लागले. दोनशे छप्पन जोड्या. यांचा आवाज कधी नव्हे तो शाळेतल्या पोरासारखा झाला होता, एकेक अक्षर स्वच्छ. वरच्या आठ ओळी झाल्या, खालच्या सुरू झाल्या. तेराव्या ओळीला मात्र एक विचित्र गोष्ट झाली. हे "तीन सात" म्हणाले आणि माझं बोट आधीच दुसऱ्या कळेवर जाऊन बसलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. वाचा." मी बोट उचललं आणि कागदावर होतं तेच दाबलं.

यंत्राने पुन्हा पाऊण तास घेतला. या वेळी हे मेन स्विचला पाठ टेकून उभेच राहिले, देवळाच्या दारावर द्वारपाल असतो तसे. जेवणाचे डबे तसेच बंद.

अडीचच्या आधी डबा गाडीत बसला. सिस्टर आसनावर सरकली, किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर किल्लीचं लाल चिन्ह लुकलुकलं आणि सगळं गप्प.

"दुसऱ्या किल्लीने बघू," हे म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी ती फिरवलीही. पुन्हा लाल.

"किती वेळा चालतं असं?" सिस्टरने विचारलं.

"तीनदा," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा चुकलं तर डबा स्वतःला कायमचं कुलूप लावतो. मग तो कंपनीच उघडू शकते."

"आणि कंपनी म्हणते भाग बंद."

"हो."

तेवढ्यात तिचा फोन पुन्हा वाजला. तिने उचलला, ऐकलं, घड्याळाकडे पाहत मनात काही मोजलं. "चालायला लाव तिला. बसू देऊ नकोस. मी निघतेय." खोटं बोलताना सिस्टरला मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. यांना वाटलं पुन्हा जपाला बसले. मी मात्र माझ्या बोटाचा विचार करत होते. रोज तेच तेच लिहिणाऱ्या, तेच तेच म्हणणाऱ्या माणसाच्या हाताला पुढचं आधी कळतं. डोळा चुकला तरी हात अडतो. तेराव्या ओळीला माझा हात अडला होता. म्हणजे त्याला पुढचं माहीत होतं. पण ती ओळ त्याने पाहिली कुठे होती?

पहिली ओळ वाचली. मग नववी. तीच. दुसरी आणि दहावी, तीच. तिसरी, अकरावी. चौथी, बारावी. वरच्या आठ ओळी खाली पुन्हा तशाच होत्या. कंपनीनेही महत्त्वाचं दोनदा लिहून ठेवलं होतं.

मग पाचवीसारखी तेरावी हवी. ती तशी नव्हती. तेरावी म्हणजे बारावीच पुन्हा. आणि चौदावी पाचवीसारखी, पंधरावी सहावीसारखी, सोळावी सातवीसारखी. आठवीची जोडीदार खाली नव्हतीच.

"अहो," मी म्हटलं, "बारावी ओळ मी दोनदा लिहिली. फोन आला तेव्हा. पुढचं सगळं एक पायरी खाली सरकलं, आणि शेवटची ओळ कागदावर आलीच नाही. क्रमांक सोळा भरला म्हणून मी थांबले."

यांनी वही ओढून घेतली. बोट वर-खाली फिरवलं, ओठ हलवत. "पण ही नुसती तुझी अटकळ. शेवटची ओळ वरच्या आठवीसारखीच असेल कशावरून?"

"सात ओळी जुळल्या. आठवी का जुळू नये?"

"कारण गाडी आहे ही, माळ नाही."

"म्हणूनच भीती वाटतेय," मी म्हटलं.

ते सिस्टरकडे वळले. "तुम्ही सांगा. ही तिसरी वेळ आहे. इथे थांबलो तर कदाचित कुठून तरी दुसरा डबा मिळेल, महिन्याने, दोन महिन्यांनी. चुकलो तर हाही गेला."

"दोन महिन्यांनी त्या बाईचं मूल हसायला लागेल," सिस्टर म्हणाली. "नाहीतर लागणार नाही. वहिनी, लिहा."

या वेळी मी यांना वाचू दिलं नाही. वरच्या आठ ओळी दाबल्या आणि मग त्याच आठ पुन्हा. तेराव्या ओळीला हात कुठे अडला नाही. सोळावी ओळ संपवून कळ सोडली तेव्हा पदराने कपाळ पुसलं, तो पदर ओला झाला.

पुन्हा पाऊण तास. हे मेन स्विचपाशीच. हिरवा दिवा लुकलुकत होता. बाहेर शाळा सुटल्याचा गलका आला आणि गेला. मी माळ हातात घेतली नाही. नुसती दिव्याकडे बघत राहिले.

सव्वाचारच्या सुमारास डबा पुन्हा गाडीत गेला. यांनी बोनेट लावलं नाही, नुसतं धरून ठेवलं. सिस्टरने एक हात दांड्यावर ठेवला, दुसऱ्याने किल्ली फिरवली.

लाल चिन्ह लागलं. एक. मी नकळत मोजत होते. दोन.

चिन्ह विझलं. इंजिन खाकरलं आणि धरलं.

हे मोठ्याने काहीतरी ओरडणार होते, पण सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. ती हसत नव्हती. ती आरसा नीट करत होती. पिशवी शेजारच्या आसनावर आहे ना, ते तिने हाताने चाचपून पाहिलं. कुबड्या मी मागे आडव्या ठेवल्या.

"वहिनी, उद्या येते. काच पण बघा, अर्धीच उतरते."

"बघते."

"आणि जेवा दोघं. मिस्त्रींचं तोंड उतरलंय."

यांनी दोन्ही हातांनी फाटक उघडलं. सिस्टरने दांडा हलकेच खाली दाबला. गाडी उंबऱ्यावरून आवाज न करता उतरली, कोपऱ्यावर दिवा लुकलुकवून खाणीच्या रस्त्याला लागली.