खोली रिकामी

भिंतीवर रडारची डबी बसवायची आणि माणसाचा श्वास मोजून द्यायचा, हा त्याचा धंदा. अंगाला तार नको, कॅमेरा नको. छाती जराशी हलली तरी डबीला कळतं आणि आकडा फोनवर येतो. जगाच्या आयांचे श्वास मोजून झाल्यावर त्याला स्वतःची आई आठवली, हेही नसे थोडके. तिचं हृदय अधू, राहायला एकटी, त्याच्यापासून दोन तासांवर.

डबी बसवली की आधी दहा मिनिटं खोली रिकामी ठेवायची असते. पंखा, पडदा, जे काही हलतं ते डबी ओळखून घेते आणि पुढे सोडून देते. आईला तसं बजावून तो जिन्यात फोनवर बोलत बसला. परत येतो तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत.

"चष्मा घ्यायला आले आणि टेकले. पण तुझ्या कामात लुडबुड नको म्हणून हूं की चूं केलं नाही हो!"

तो हसला. पुन्हा दहा मिनिटं कोण घालवणार? परक्या घरी त्याने असला आळस केला नसता.

पुढे दुपारी फोनवर बरेचदा 'खोली रिकामी' दिसायचं. "पायाला भिंगरी लागलीय का गं?" तो चिडवायचा. "कुठली रे, घरीच तर असते," ती म्हणायची. लपवतेय, असं त्याला वाटायचं.

आज शेजारच्या मावशींचा फोन आला. "अरे, आई दार उघडत नाहीये."

त्याने पाहिलं. "बाहेर गेली असेल, मावशी. मशीन सांगतंय, आत कोणी नाही."

"मग ठीक आहे," म्हणून मावशी परत गेल्या.

तासाभराने जेवणाचा डबा उघडताना त्याला तो चष्मा आठवला, ती खुर्ची आठवली, आणि त्याने मावशींना फोन लावला. डबीने पंख्याबरोबर खुर्चीतल्या आईचा श्वासही सोडून दिला होता.

"मावशी, दार तोडा!"

फोनमधून कडी तुटल्याचा आवाज आला. मग मावशींचा, रडवेला.

"खुर्चीत आहे रे. मान कललीय, हात गार लागतायत. मला मेलीला काही कळत नाही. तू मशीनमध्ये बघ ना, श्वास चालू आहे का?"

त्याने पाहिलं. खोली रिकामी.