निळ्या ठिपक्याचं गाव

मित्रांनो, मी भडगावातला एक जुना पृथ्वीगोल आहे. गिरणाकाठच्या एका घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बसतो. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून कारागिराने मला घडवलं, वर कागदाचे समुद्र चिकटवले. ज्ञानेश्वरआबांनी मला धुळ्याच्या बाजारातून आणलं, एसटीत मांडीवर धरून, तान्ह्या लेकरासारखं. त्यांची लेक सुलक्षणा तेव्हा शाळेत होती. गल्लीतली पोरं मला फिरवायला भांडायची. तो माझा मानाचा काळ. पुढे ती शिकायला बाहेर गेली, आबा देवाघरी गेले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

मग सुलक्षणानेच मला खाली उतरवलं. तिला परदेशात, पार उत्तरेला, ट्रॉम्सो नावाच्या शहरात नोकरी लागली होती. माझ्यावर त्याचं नाव नव्हतं. डोक्यावरच्या खिळ्याजवळ तिने निळ्या पेनने ठिपका काढला आणि आईचं, पुष्पाबाईचं, बोट त्यावर टेकवलं. म्हणाली, "माय, मी आठे ऱ्हासू."

तेव्हापासून देवांना न्हाऊ घातलं की पुष्पाबाई माझ्याकडे वळायची. ओल्या फडक्याने कालचं कुंकू पुसायची, ठिपक्यावर नवं लावायची.

फोन आला की मीही ऐकायचो. ते शहर बेटावर वसलंय म्हणे. लांब पूल ओलांडला की पांढरं टोकदार चर्च, मागे बर्फाचे डोंगर. समुद्र मात्र गोठत नाही. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, अन् त्याच काळोखात लोक सिनेमांचा महोत्सव भरवतात. पुढे भर रस्त्यात रेनडिअरच्या शर्यती लावतात. सूर्य डोंगराआडून परत दिसला की पोरं गोड पाव खातात.

हे ऐकून पुष्पाबाईने त्या दिवशी इकडे गुळाचे गुलगुले तळले, गल्लीत वाटले. शेजारच्या लताबाईने टोमणा मारलाच, "अक्का, आपला सूर्य तं रोज भाजस. त्याना कसाना सण?" पुष्पाबाईने तिच्या ताटलीत आणखी दोन टाकले.

हळूहळू फोन कमी झाले. पण आखाजीला येते, असं सुलक्षणाने कबूल केलं होतं. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. पुष्पाबाईने गौराई बसवली, निंबाला झोका बांधला. घरोघरी लेकी आल्या. ती एकटीच गुणगुणत होती:

झोका बांधा निंबले, दोर बांधा जुना
लेक समिंदरपार, पाट ऱ्हायना सुना

आखाजीच्या सकाळी कुंकवाचं बोट माझ्यावर येता येता थबकलं. ठिपका नव्हता. रोजच्या ओल्या फडक्याने शाई गेली होती, भोवतीचा कागदही सोलून पार खिळ्यापर्यंत सगळं पांढरं पडलं होतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. सुलक्षणाच्या मागे खिडकीत लख्ख ऊन होतं. सुट्टी का मिळाली नाही, ते ती सांगू लागली. पुष्पाबाईने मध्येच म्हटलं, "तुनं गाव पुसाई गयं, पोरी. आते बोट कोठे ठेवू?"

सुलक्षणाने सुट्टीचं बोलणं अर्ध्यावरच सोडलं.

"मी येसू तवय परत काढी देसू, माय."

"कवय?"

"पुढनी आखाजीले."

पुष्पाबाई "बरं" म्हणाली. झोका तिने सोडला नाही. तो अजून उन्हात लोंबतोय.

मित्रांनो, मला पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा. आमची अंगं कागदाची असतात. आणि कधी भडगावला आलात तर आमच्या घरी या. पुष्पाबाई अजूनही रोज अंदाजाने कुंकू लावते, पण बोट चुकतं, समुद्रात पडतं. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्ही तिचा हात धरा आणि सांगा, थोडं वर, माय. अजून थोडं वर.