मी साडीगार्ड, संत्र्यांच्या राखणीला

मी मोटारसायकलची जाळी बोलतेय. मागच्या चाकाशेजारी, डाव्या अंगाला जी लोखंडी जाळी असते ना, तीच मी. शिकलेले लोक मला साडीगार्ड म्हणतात. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये, एवढंच माझं काम. काम सोपं आहे. फक्त मागे बाई बसायला हवी.

माझा जन्म पांढुर्ण्याचा. साल एकोणीसशे ऐंशी. वामन वेल्डरने एका सरकारी कचेरीच्या खिडक्यांना जाळ्या केल्या आणि उरलेल्या सळ्यांतून मी निघाले. माझी सख्खी भावंडं अजून त्या खिडक्यांत उभी आहेत. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून आपल्याला लावलंय, की आतल्यांनी पळून जाऊ नये म्हणून, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. माझं तसं नव्हतं. मला माझं काम जन्माआधीच ठाऊक होतं, कारण ते अलकाने सांगितलं होतं.

अलका म्हणजे संत्र्यांचे व्यापारी श्रीकांतभाऊ यांची नवी नवरी. माहेर सौंसरचं. वामनच्या दुकानाच्या फरशीवर बसून तिने खडूने वेल काढली आणि म्हणाली, "अशी जाळी पाह्यजे. पदर चाकात गेला नाही पाह्यजे, अन् दिसायलेही बरी पाह्यजे."

"वहिनी, हे लोखंड आहे, रांगोळी नाही," वामन म्हणाला. पण त्याने वेल वाकवली. पानं जरा भोपळ्याची वाटतात, तरी मी देखणी आहे हे मला मान्य आहे. चंदेरी रंग लावून मला श्रीकांतभाऊंच्या कोऱ्या राजदूतवर चढवलं. माहेरी जाताना नेसायची म्हणून अलकाने हिरवी साडी वेगळी काढून ठेवली. मी त्या साडीची वाट पाहू लागले.

आता श्रीकांतभाऊंचा स्वभाव सांगायला हवा. माणूस लाखात एक, पण तुलना केल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागायचं नाही. चहा प्यायले तर कालच्या चहाशी, झोपले तर परवाच्या झोपेशी. त्यात धंदा संत्र्यांचा. त्यांच्याकडे वडिलांपासूनची एक रीत होती. नवा गाडीवान ठेवायचा तर आधी पेटीत तणस, म्हणजे वाळलेलं गवत, न घालता नुसती संत्री भरायची आणि त्याला सौंसरपर्यंत पाठवायचं. एक जरी संत्रं दबलं तरी गाडीवान घरी.

"जी गाडी संत्र्याले जपत नाही, ते अलकाले काय जपीन?" श्रीकांतभाऊ म्हणाले, आणि झालं.

पहिल्याच रविवारी अलका हिरवी साडी नेसून, केसांत फूल माळून बाहेर आली. पाहते तो तिच्या जागेवर संत्र्यांची पेटी बसलेली, सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेली.

"आहो, मी कुठं बसू?"

"तू बसनं ये. आज परीक्षा आहे. गाडी पास झाली का पुढच्या खेपेले तुले नेतो."

अलका बसने निघाली. श्रीकांतभाऊ गाडीने निघाले, आणि मी, पदर सांभाळायला जन्मलेली, संत्री सांभाळत निघाले. संत्र्यांना पदर नसतो. माझी लाज कुणाला सांगू?

वाटेत आम्ही बस गाठली. अलका खिडकीशीच होती. श्रीकांतभाऊ बसच्या बरोबरीने गाडी चालवत ओरडले, "आवाज ऐक इंजिनचा! मख्खन!" बसच्या ड्रायव्हरला दया आली असावी. त्याने वेग कमी केला आणि मोहगावपर्यंत नवराबायको खिडकीतून बोलत राहिले. बसमधल्या लोकांनाही त्यात रस आला. एका म्हाताऱ्याने मध्येच विचारलं, "भाऊ, अॅव्हरेज किती देते?"

परीक्षक होत्या श्रीकांतभाऊंच्या सासूबाई, म्हणजे अलकाची आई, यमुनाबाई. त्यांचं सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. अंगणात पेटी उतरली की त्या एकेक फळ हातात घ्यायच्या, कानाशी न्यायच्या आणि बाजूला ठेवायच्या. श्रीकांतभाऊ दहावीच्या पोरासारखे उभे. शेवटी एक संत्रं त्यांच्यापुढे आलं.

"हे पाहा, जावाईबापू. दबलं. नापास."

मी गाडीला चिकटून, ओसरीच्या अगदी समोर होते. मला जे दिसलं ते कुणालाच दिसलं नाही. ते संत्रं दबलं नव्हतं. जावयाने पाणी प्यायला मान वर केली तेवढ्यात यमुनाबाईंनी ते पदराआड घेतलं आणि अंगठ्याने दाबलं.

मी ओरडले असते, पण जाळीला तोंड नाही, नुसती भोकं आहेत.

राजदूत विकली. मला मात्र उतरवून घेतलं. "जाळी अलकाची आहे," श्रीकांतभाऊ गिऱ्हाइकाला म्हणाले. मग येझदी आली. वामनने माझी कंबर वाकवून मला तिच्यावर बसवलं. पुन्हा पेटी, पुन्हा बस, पुन्हा अंगठा. मग बुलेट आली. धक धक करत ती गल्लीत शिरली की लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. तीही नापास. दोष कोणत्याच गाडीचा नव्हता, हे यमुनाबाई सोडल्या तर साऱ्या जिल्ह्यात मला एकटीला माहीत. मध्ये माझा रंग गेला, पुन्हा लागला, वेलीचं एक पान तुटलं. एका वर्षी गोटमारीला, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर धोंडे फेकतात त्या जत्रेला, श्रीकांतभाऊंनी बुलेट जाम नदीच्या फार जवळ उभी केली आणि सावरगावकडून आलेला धोंडा माझ्यावर बसला. बाकीचे लोक डोकी धरून पळत होते. हे मात्र वाकून आवाज ऐकत म्हणाले, "येझदीपेक्षा बुलेटवर धोंड्याचा आवाज भारी येते." ही खोक अजून माझ्या अंगावर आहे.

एवढं झाल्यावर श्रीकांतभाऊंचं नाव झालं. गाडी घ्यायची तर माणसं त्यांना विचारायला यायची. ते तासन्तास सांगायचे: राजदूत कष्टाळू, येझदी तल्लख, बुलेट खानदानी. शेवटी कुणीतरी विचारायचंच, "वहिनीले कोणती आवडली?" तेवढ्यात श्रीकांतभाऊंना काहीतरी काम आठवायचं. आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा यायचा.

एकदा अलका गाडी पुसता पुसता माझ्याजवळ खाली बसली. फडक्याने माझं एकेक पान पुसलं आणि हळूच म्हणाली, "तू अन् मी, दोघी बसून राहिलो गं." मला तेव्हा फार वाईट वाटलं. लोखंडाला वाटू नये म्हणतात, पण वाटलं.

पंच्याऐंशी उलटल्यावर जपानी इंजिनाची, पोटात वारं भरल्यासारखी हलकी गाडी आली. परीक्षेचा दिवस ठरला भाऊबीजेचा. अलकालाही भावाला ओवाळायला जायचंच होतं. स्टँडवर बस आली ती माणसांनी फुगलेली. दारात लोंबकळणारे, टपावर बसलेले. अलकाने ओवाळणीची पिशवी घेऊन दोनदा पाय ठेवायचा प्रयत्न केला. बस तिला सोडून निघून गेली.

अलका वळली. श्रीकांतभाऊ गाडीवर, मागे पेटी. तिने ट्यूब सोडली, पेटी उचलली, सीटवर आडवी बसली, पेटी मांडीवर घेतली आणि वर पिशवी ठेवली.

"अवं, पण परीक्षा?"

"घ्या ना परीक्षा. कोण नाही म्हणून राहिलं? चला."

माझ्या अंगावर हिरव्या साडीच्या निऱ्या टेकल्या. इतक्या वर्षांनी. डांबरगोळ्यांचा वास येत होता साडीला. मला वाटलं, माझे सगळे सांधे पुन्हा वितळतात की काय.

गाव मागे पडलं. श्रीकांतभाऊ खड्डे चुकवायचे सोडून मागच्या गाड्या आठवत होते. "येझदी इथं उसळली होती," "बुलेट इथं हलली नव्हती," असं चाललेलं. अलका दोन्ही हातांनी पेटी धरून होती, म्हणून पदर सुटला तो आवरायला तिला हात नव्हता. मोहगावच्या अलीकडे समोरून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला आणि पदर सरळ चाकाकडे धावला. मी होते. माझ्या तुटक्या पानाने त्याला अडवला, पोटाशी धरला, जाऊ दिला नाही. ग्रीस लागलं त्याला, पण चाकाने त्याला तोंड लावलं नाही. हे सगळं श्रीकांतभाऊंनी राजदूतचा क्लच समजावून सांगेपर्यंत घडलं आणि मिटलं.

सौंसरला यमुनाबाई दारातच होत्या. लेकीला गाडीवरून उतरताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. अलकाने पेटी ओसरीवर ठेवली. निकाल सुरू झाला. श्रीकांतभाऊंनी नेहमीप्रमाणे पाणी प्यायला मान वर केली. यमुनाबाईंचा अंगठा पदराआड गेला. पण या खेपेला समोर अलका होती.

"आई, काय करून राहिली?"

अंगठा थांबला. संत्रं यमुनाबाईंच्या हातातच राहिलं.

"आपल्या गल्लीतल्या सुधाची सून आठवते तुले?" त्या म्हणाल्या. "स्कूटरवर बसली होती. पदर चाकात गेला अन् फरफटत गेली. तिचा गळा पाहिला मी. म्हटलं, जावाई काही ऐकणार नाही, पण संत्र्याचं ऐकते. म्हणून दाबत होते. सगळ्या खेपेले मीच दाबलं."

श्रीकांतभाऊंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. "म्हणजे बुलेट?"

"पास होती."

"येझदी?"

"एक नंबर."

"अन् राजदूत?"

"पहिल्याच दिवशी पास होती, बाप्पा."

श्रीकांतभाऊ पायरीवर बसले. पुष्कळ वेळ त्यांनी कशाचीच तुलना केली नाही. मग अलकाकडे पाहून एवढंच म्हणाले, "तू सहा वर्षं बसनं आली."

अलकाला रडू आलं. डोळे पुसायला तिने पदर उचलला, तेव्हा यमुनाबाईंना त्यावरचा काळा डाग दिसला. त्यांनी पदर हातात घेतला, डाग पाहिला, मग चाक पाहिलं, मग खाली वाकून मला पाहिलं. तुटक्या पानात हिरवा धागा अडकला होता.

त्या आत गेल्या आणि हळदीकुंकवाची वाटी घेऊन आल्या. दसऱ्याला माझ्या मालकाने हँडलला हळदकुंकू लावलं होतं, टाकीला लावलं होतं, एकदा तर हवेच्या पंपालाही. मला कधीच कुणी लावलं नव्हतं. यमुनाबाईंनी माझ्या खोकेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "गाडीचं राहू द्या. जाळी पास."

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी जाळी म्हणून गंजले असते. पण अलकाने परतताना अट घातली. "ज्या ज्या गाड्या पास होत्या, त्या त्या गाडीवर मले बसवा. मग मी सांगीन कोणती बरी."

तेव्हापासून आमचे रविवार असे जातात. श्रीकांतभाऊ मला बगलेत मारून जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभे राहतात. "भाऊ, एक चक्कर द्या. आमच्या हिचं बसायचं राहिलं आहे." सावरगावच्या माणसाने बुलेट दिली. येझदीवाल्याने येझदी दिली, वर चहा पाजला. मला तारेने बांधतात, अलका बसते आणि सौंसरला जाऊन येते. आता तुलना ती करते. श्रीकांतभाऊ गुपचूप ऐकतात. बुलेटवर कंबर दुखते, येझदीवर बोलता येतं, जपानी गाडीवर झोप येते, असा तिचा निकाल आहे.

राजदूत तेवढी राहिली होती. ती मागच्या रविवारी सापडली, मोहगावकडच्या एका बागेत. चाकं कधीच निघून एका हातगाडीला लागली होती. विटांवर उभी होती बिचारी, टाकीवर कोंबडी बसलेली. बागवान म्हणाला, "ही कुठं जाणार आहे, भाऊ?"

अलकाने कोंबडी उठवली. श्रीकांतभाऊंनी जिथे चाक नव्हतं, तिथे मला नीट बांधलं. अलका डागाचीच हिरवी साडी नेसून आली होती. ती मागे आडवी बसली, हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. श्रीकांतभाऊंनी हँडल धरलं, जरा लाजले आणि तोंडाने फटफट आवाज काढू लागले. बागवान तोंडाला गमछा लावून हसला. समोर झाडांना संत्री लागली होती आणि त्यांना कुणी दाबत नव्हतं.

"कशी आहे?" त्यांनी न वळता विचारलं.

"हेच बरी होती," अलका म्हणाली. "अजून चालवा."

त्यांनी पार दिवस कलेपर्यंत चालवली.

वाचकहो, मला आता फार दिवस उरलेले नाहीत. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच जाळ्या येतात, सरळ, बिनपानाच्या. माझं काही म्हणणं नाही. फक्त मागे कुणाला बसवायचं असेल तर लवकर बसवा, आणि बसणारीने पदर खोचून बसावं. राजदूतला चाक नव्हतं, तरी मी त्या दिवशी अलकाचा पदर धरून होते.