न दिलेला ठिपका

सोमनाथची सुपारी फुटली ते साल दोन हजार पंचवीस, महिना कार्तिक. मुलगी मनमाडची, बाप रेल्वेत. त्यानं आधी मोबाइलवर बिबट्यांचा नकाशा उघडला. मळ्यात राहणारी माणसं, वाघराची भीती असली तर पोरगी देणार नाही, म्हणाला. सोमनाथच्या आजोबाच्या, बहिरूच्या मळ्यावर एकही लाल ठिपका दिसला नाही, तेव्हा कुठं त्यानं होकार दिला.

तो नकाशा बहिरूचीच नात, सोमनाथची बहीण योगिनी करायची. बिबट्यानं कुठं, कधी, कोणावर झडप घातली, ते गंगापूर रोडच्या वनखात्याच्या कचेरीत बसून संगणकात भरायची. एक हल्ला, एक ठिपका. ठिपका पडला की तिथं पिंजरा लागायचा, माणसं सावध व्हायची.

सुपारीला आठ दिवस होत नाहीत, तोच शेवंतीला पाणी धरताना शेजारच्या उसातून वाघरू निघालं आणि बहिरूच्या खांद्यावर पंजा मारून गेलं. तारेवर पडलो, असं त्यानं घरात सांगितलं. योगिनीनं जखम धुतली, चार समान ओरखडे पाहिले आणि लॅपटॉप उघडला.

"लग्न होऊ दे, पोरी. मग हवा तेवढा मोठा ठिपका दे."

"तोवर कोणाचा जीव गेला तर, आबा?"

"मी हाय ना राखायला."

तिनं लॅपटॉप मिटला, पण त्या दिवसापासून आजोबाशी धड बोलली नाही.

बहिरू रोज दुपारपासून बांधावर पत्र्याचा डबा बडवत बसू लागला. आसपासचे मळे एव्हाना नकाशात लाल झालेले. तिथं जायला बाया तयार नव्हत्या, त्या सगळ्या याच्याकडे फुलं तोडायला येऊ लागल्या. त्यांची म्होरकी चांगुणा.

"आबा, कोणासाठी बडवता? नकाशात तुमचा मळा पांढराफटक हाय. म्हणून तर बायांना घेऊन इथं येते मी."

बहिरूच्या ओठावर खरं यायचं. तेवढ्यात मनमाडचा रेल्वेवाला डोळ्यांपुढं उभा राहायचा, आणि तो पुन्हा डबा बडवू लागायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बायांना येऊ नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. उसाकडं पाहत बसायचं, बस्स. खांदा ठसठसत राहायचा.

मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाचे कपडे घ्यायला घरातलं मोठं माणूस लागतंच. जाताना त्यानं डबा चांगुणाच्या हातात दिला, वाजवत राहा आणि चारला निघा, म्हणाला. का, असं तिनं विचारलं. डुकरं येतात, असं त्यानं सांगितलं. डुकरांना कोण भितं, म्हणून ती हसली. बाया चारला गेल्या, ती शेवटची ओळ उरकायला एकटी मागं राहिली.

मनमाडच्या दुकानात बहिरू नवरीचा शालू हातात घेऊन पाहत होता, तेव्हा योगिनीचा फोन आला.

"आबा, दोन ठिपके दिले मी. एक तुमचा, मागच्या तारखेचा. दुसरा चांगुणाबाईचा."

समोर रेल्वेवाला बसला होता. बहिरूनं शालू खाली ठेवला आणि सदऱ्याची बटणं सोडून खांदा त्याला दाखवला.

चांगुणा मंगळवारी, नऊ डिसेंबर दोन हजार पंचवीसला, दिवस मावळताना बहिरूच्या शेवंतीत बिबट्याच्या हल्ल्यात वारली.