पाच खुंट्या आणि एक खिळा

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका लांबट खोलीत या. ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास येतोय, तिकडे लक्ष देऊ नका. भिंतीला लागून एक बाक आहे. बाकाच्या वर, मोठ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, पाच लाकडी खुंट्या ठोकल्या आहेत. प्रत्येक खुंटीवर पत्र्याची एक पट्टी टांगलेली, आणि पट्टीवर पांढऱ्या रंगाने एकेक नाव. आता पट्ट्या मोजा. सहा भरतात ना? तुमचं मोजणं चुकलेलं नाही. सहावी पट्टी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर मारलेल्या एका गंजक्या खिळ्यावर. आपली गोष्ट त्या खिळ्यामुळे घडली.

ही खोली बेसबॉलच्या एका संघाची. बेसबॉल पाहिला नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की या खेळात पिचर नावाचा गडी मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे चेंडू फेकतो. तो क्रिकेटच्या गोलंदाजासारखा लांबून धावत येत नाही. जागच्या जागी उभं राहून अख्ख्या अंगाचं बळ तो एका कोपरात आणतो. सामना सुरू करणारा पिचर असे नव्वद-शंभर चेंडू टाकतो, आणि मग चार दिवस त्याने चेंडूला हात लावायचा नसतो, कारण हात आतून सुजलेला असतो. सामने तर जवळजवळ रोजच. म्हणून असे पाच पिचर लागतात, आळीपाळीने, रोज एक.

या संघाकडे सहा झाले होते. सहाही चांगले.

तुम्ही म्हणाल, एक जास्त असला तर बिघडलं कुठे? दप्तरात एक पेन्सिल जास्तीची असली तर बरंच असतं. खरं आहे. पण आपण जास्तीच्या आहोत हे पेन्सिलीला कळत नसतं.

संघाच्या मॅनेजरला सगळे उस्ताद म्हणत. मालकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरीला पाचच ठेवायचे, सहाव्याला निरोप द्यायचा. कुणाला, ते तुम्ही ठरवा. उस्ताद दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. मग त्यांनी तो खिळा ठोकला आणि नियम सांगितला. ज्याचा सामना सगळ्यांत वाईट जाईल त्याची पट्टी खिळ्यावर, त्याची एक पाळी हुकणार. हात दुखतो म्हणाला तर दोन पाळ्या. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी खिळ्यावर ज्याची पट्टी असेल, त्याने आपली बॅग भरायची.

संघाच्या डॉक्टरांनी त्यांना सुचवलं होतं की दर आठवड्याला सगळ्यांचे हात मी तपासतो. उस्तादांनी नकारार्थी मान हलवली. ते स्वतः एके काळचे पिचर. त्यांच्या ऐन उमेदीत एका डॉक्टरने हात धड असताना त्यांना वर्षभर बसवलं होतं, आणि ते वर्ष पुन्हा आलं नाही. "ज्याचा हात त्यालाच विचारायचं," ते म्हणत. "माणसाला विचारलं की माणूस सांगतो." म्हणून रोज सकाळी ते बाकासमोरून चालत जायचे आणि प्रत्येकापाशी थांबून एकच शब्द विचारायचे.

"हात?"

"जागेवर."

"हात?"

"जागेवर."

सहा वेळा विचारणं, सहा वेळा तेच उत्तर. उस्ताद समाधानाने पुढे जायचे.

त्या सहांमधला सर्वांत वयस्कर पिचर चौतीस वर्षांचा होता. तो डाव्या हाताने फेकायचा, म्हणून त्याला सगळे डावरेभाऊ म्हणायचे. त्याची मुलगी चौथीत होती. घरी तिला ठकी म्हणत. ठकीची आई बेकरीत कामाला होती, पहाटेच निघून जायची. त्यामुळे ठकीची वेणी घालायची, तिला शाळेत सोडायचं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर बरोबर न्यायचं, हे सगळं बाबांकडे. खोलीतल्या बाकाच्या टोकाला तिची ठरलेली जागा होती.

सगळ्यांत धाकटा पिचर एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच. त्याचं नाव लंबू पडलं होतं. तो उजव्या हाताने फेकायचा, आणि इतक्या जोरात की बॅटवाल्याला चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा.

"ठके, बाबांना समजाव," लंबू म्हणायचा. "या वयात माणसाने नातवंडं खेळवावीत."

"नातवंडं कुठून आणू? मी चौथीत आहे."

"मग निदान त्यांना काठी तरी घेऊन दे."

"तुलाच लागेल ती, कपडे वाळत घालायला," डावरेभाऊ म्हणायचे. "तू उभा राहिलास तरी चालेल म्हणा." सगळे हसायचे. पण हसताना प्रत्येकाची नजर एकदा त्या खिळ्याकडे जाऊन यायची. हे ठकीने पाहिलं होतं.

आणखीही एक गोष्ट तिने पाहिली होती. बाबा चहा उजव्या हाताने प्यायला लागले होते.

तुम्हा-आम्हाला यात काय वाटणार? बहुतेक माणसं उजव्याच हाताने चहा पितात. खोलीतल्या कुणालाही ते खटकलं नाही. पण ठकीचे बाबा दात घासण्यापासून दाराला कडी लावण्यापर्यंत सगळं डाव्या हाताने करायचे. आता डावा हात पोटाशी धरलेला असायचा, झोपलेलं मांजर धरावं तसा. वेणी घालताना पेड सैल राहायचे आणि शाळेत पोचेपर्यंत सुटायचे. फ्रिजमधले बर्फाचे ट्रे ठकी संध्याकाळी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून येईपर्यंत ते रिकामे झालेले असायचे.

एका दुपारी न्हाणीघराचं दार नीट लागलं नव्हतं. बाबा उलट्या बादलीवर बसले होते. डावं कोपर बर्फाच्या पाण्यात, आणि तोंडात टॉवेलाचं टोक गच्च धरलेलं. ठकी दारातच उभी राहिली.

बाबांनी टॉवेल तोंडातून काढला. "ये. घाबरू नकोस."

"खूप दुखतंय?"

"थोडं."

"थोडं दुखताना कुणी टॉवेल चावत नाही."

बाबा हसले, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "हे बघ ठके. महिना संपायला अकरा दिवस आहेत. तेवढे गेले की मी सुटलो. कुणाला बोलायचं नाही. आईलाही नाही. घे शपथ."

"खिळ्यावर गेलात तर काय होईल?"

"या वयात खिळ्यावर गेलेली पट्टी परत वर येत नाही. मला दुसरं काही येत नाही, ठके. शाळेनंतर मी फक्त चेंडू फेकलाय."

ठकीने गळ्याला हात लावून शपथ घेतली. बर्फाचे ट्रे ती आता दिवसातून दोनदा भरू लागली.

त्या अकरा दिवसांत सगळेच पिचर असे फेकत होते की जणू प्रत्येक चेंडूवर त्यांची पट्टी टांगली आहे. पूर्वी जे शंभरातले वीस चेंडू जोर लावून टाकायचे, ते आता शंभरच्या शंभर तसे टाकू लागले. संघ जिंकत होता. उस्ताद खूश होते. ते मालकांना म्हणाले, "स्पर्धा चांगली असते."

चौथ्या दिवशी लंबूची पाळी होती.

"हात?" उस्तादांनी विचारलं.

"जागेवर," लंबू म्हणाला.

सामन्याला तासभर झाला असेल. ठकी कठड्याला टेकून बघत होती. लंबूने हात मागे नेला, पुढे आणला, आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज आला. चेंडू हातातून निसटून भलतीकडेच गेला. लंबू ओरडला नाही. तो नुसता खाली बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्याला चिकटलाय अशा नजरेने.

दुसऱ्या दिवशी लंबूची पट्टी खिळ्यावर गेली, तिथली आधीची पट्टी वर खुंटीवर आली. उरल्या पाच खुंट्या आणि पाच पट्ट्या. मालकांचा प्रश्न सुटला, कुणालाही निवडून काढावं लागलं नाही. खोलीत सगळे हळहळत होते, अगदी मनापासून. तरीही त्या सकाळी पाचही जण कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. ते वाईट होते म्हणून नव्हे. भीती उतरली की भूक लागतेच. पण ठकीने ती रिकामी ताटं पाहून ठेवली.

रविवारी डावरेभाऊ लंबूला भेटायला गेले. ठकी बरोबर होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक खाट, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. लंबूचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याने ठकीपुढे एक संत्रं केलं. "हे सोलून दे बाई. सकाळपासून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय."

ठकी सोलायला बसली.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, वर्षभरात केस विंचरता येतील. चेंडूचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागले."

बाबांनी खुर्चीवरचे कपडे सारून बसायला जागा केली. मग बाबा म्हणाले, "दुखत कधीपासून होतं?"

"तुम्ही विचारताय, भाऊ?" लंबूचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी हात धुताना माझ्याच्याने नळ बंद होत नव्हता. तुम्ही शेजारी होतात. तुम्हीच केलात बंद. उजव्या हाताने."

बाबांनी मान खाली घातली.

"मी मनात म्हटलं, यांचा डावा गेलाय, माझा उजवा. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल." लंबू हसला. "मग म्हटलं, थोडी कळ काढावी. हे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, हेच आधी बसतील. तुम्हीही तेच म्हणत असाल ना? पोरगं आधी मोडेल म्हणून?"

"हो," बाबा म्हणाले.

"तेवढंच विचारायचं होतं."

ठकीने संत्र्याच्या फोडी बशीत मांडल्या, बशी लंबूच्या डाव्या हाताशी ठेवली आणि हात फ्रॉकला पुसले.

जिना उतरताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही उस्तादांना लंबूकाकाचं सांगितलं का नाही?"

"ज्याचं त्याने सांगायचं असतं."

"आणि त्याने नाही सांगितलं तर?"

बाबा दोन पायऱ्या पुढे उतरले.

"आता पाचच उरलात ना? आता कुणाला काढणार नाहीत. मग तुमचं सांगा की."

"आता सांगितलं तर ते नवा आणतील. मी बरा झालो की पुन्हा सहा. पुन्हा खिळा." त्यांनी तिचं बोट धरलं, उजव्या हाताने. "गुरुवारची पाळी होऊ दे. मग बघू."

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी बाबा बुटांत पाय घालून बसून राहिले, मग म्हणाले, "ठके, जरा नाड्या बांध. माझी कंबर धरलीय." ठकीने दोन्ही नाड्या बांधल्या, घट्ट, दुहेरी गाठ मारून.

मैदानावरच्या खोलीत मोज्यांचा आणि मलमाचा तोच वास. पाचही जण बाकावर ओळीने बसलेले. बाबांची पट्टी पहिल्या खुंटीवर, कारण आज त्यांचा दिवस. उस्ताद आले. लंबूचं झाल्यापासून त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. ते बाबांसमोर थांबले, आणि या वेळी जरा जास्त वेळ थांबले.

"हात?"

आता ठकीच्या जागी जाऊन बसा, बाकाच्या टोकाला. तुम्ही गळ्याला हात लावून शपथ घेतली आहे. बोललात तर बाबांची शेवटची खुंटी जाते. गप्प राहिलात तर तासाभरात तो आवाज पुन्हा ऐकू येईल, कोरड्या फांदीचा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुम्हाला विचारलेलं कुणीच नाही.

"जागेवर," बाबा म्हणाले.

उस्तादांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे पाऊल टाकलं.

ठकी उठली. बाकावर बूट घालून चढायचं नाही असा नियम होता. ती बुटांसकट चढली. टाचा उंचावून तिने पहिल्या खुंटीवरची पट्टी दोन्ही हातांनी काढली, खाली उतरली आणि ती छातीशी धरून खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. एक शब्द बोलली नाही, म्हणजे शपथही मोडली नाही. खाली वाकून तिने बाबांची पट्टी खिळ्यावर, लंबूच्या पट्टीवरच टांगली. पत्र्यावर पत्रा वाजला. खोलीत तेवढाच आवाज झाला.

मग ती परत आली, बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, आणि सकाळी स्वतः मारलेल्या नाड्यांच्या गाठी सोडू लागली.