चार अंशांची चूक

अहवालाच्या कच्च्या मसुद्यात, नवव्या पानावर, काकूंच्या नवऱ्याला निष्काळजी म्हटलं होतं. काकूंनी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग शेजाऱ्याकडून माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवली, टॅक्सी बोलावली आणि थेट गुहा-संशोधन संस्था गाठली. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे; पण एकदा डोकं फिरलं की काकूंना जिने दिसत नाहीत.

मसुदा लिहिणारी संशोधक मुलगी दुसऱ्या मजल्यावर बसायची. गुहेची जुनी मोजणी काकूंच्या नवऱ्याची आणि नकाशा काकूंच्याच हातचा, म्हणून तिने बिचारीने आदराने मसुदा घरी पाठवला होता. पेटी टेबलावर आदळली तशी ती उठून उभीच राहिली.

"निष्काळजी? हे?" काकू म्हणाल्या. "अगं, भिंतीवरचा फोटो तिरका दिसला तर भरल्या ताटावरून उठणारा माणूस तो! सगळी संस्था त्यांना काटकोन म्हणायची, पाठीमागे आणि तोंडावरही."

"काकू, बसा आधी. पाणी घ्या."

पाणी पिता पिता काकूंना सगळं ऐकावं लागलं. गुहेची पश्चिमेकडची शाखा एका तळ्याशी संपते. त्या तळ्यात नखाएवढे, पांढरे, बिनडोळ्यांचे जीव राहतात. त्यांच्या पाण्यात मोजणीचं यंत्र सोडायचं म्हणून संस्थेने जुन्या नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि वरून डोंगराला भोक पाडलं. साठ मीटर खाली गेले तरी खडकच. मग मुलीने लेझरने गुहा नव्याने मोजली. बाकीची गुहा जिथल्या तिथे होती. फक्त पश्चिमेची शाखा चार अंशांनी सरकलेली निघाली, आणि तीनशे मीटर अंतरावर चार अंश म्हणजे एकवीस मीटर.

"एकाच शाखेत चूक, तीही पहिल्या खुणेपासून शेवटपर्यंत सारखी," मुलगी म्हणाली. "मला दुसरा शब्द सुचला नाही. तुम्हाला कारण सापडलं तर मी आनंदाने खोडते. पण परवा अहवाल छापायला जातोय."

काकूंनी पेटी उघडली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून तिला हात लावला नव्हता. आत त्यांच्या नोंदवह्या होत्या, पितळी होकायंत्र होतं आणि तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, जाडजूड पोलादी विजेरी.

"ही इथे कशी?" काकू स्वतःशीच म्हणाल्या. "ही तर माझी."

पहिल्या पगारातून घेतलेली. तेव्हा त्या संस्थेत नकाशे काढणाऱ्या नवख्या मदतनीस होत्या. गुहेत सगळे पितळी दिवे वापरायचे, पण ते तापायचे आणि हात पोळायचे, म्हणून काकूंनी आपली चकचकीत विजेरी नेली. पश्चिमेची शाखा त्या आणि काटकोन अशा दोघांनीच मोजली होती, अकरा दिवस. काकू मोजायची फीत धरायच्या, मग त्यांच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहून होकायंत्रावर उजेड पाडायच्या. छतातून पाणी ठिबकायचं, ओल्या मातीचा वास यायचा, आणि तो तिरसट माणूस आकडा सांगण्याआधी उगाचच जरा वेळ थांबायचा. आठवणीने काकूंचा राग कुठल्या कुठे गेला.

मुलगी मात्र विजेरीकडे टक लावून बघत होती. तिने होकायंत्र टेबलावर ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला आणि विजेरी हळूहळू जवळ आणली. वीतभर अंतरावर काटा हलला.

"किती?" काकूंनी विचारलं.

"चार. थोडा जास्तच."

काकूंनी विजेरी लांब सरकवली. आता त्यांना नवऱ्याचा आवाज आठवला. "लोखंड लांब!" दर मोजणीआधी ते ओरडायचे. किल्ल्या, पट्टे, चाकू, सगळं दहा पावलांवर ठेवायला लावायचे. एकदा खुद्द संचालकांना घड्याळ काढायला लावलं होतं. एवढा आरडाओरडा, पण त्या अकरा दिवसांत काकूंवर एकदाही नाही.

"म्हणजे चूक माझी," काकू म्हणाल्या. "मी नवखी होते गं, मला काय कळतंय! पण त्यांना कसं कळलं नाही?"

मुलीने पश्चिमेच्या शाखेची वही शोधून काढली होती. काकूंनी ती कधी पाहिली नव्हती. नकाशा त्यांनी काढला तो नवऱ्याने दिलेल्या पक्क्या आकड्यांवरून. कच्च्या वह्यांना काटकोन कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुलगी एका पानाशी थांबली आणि तिने वही काकूंसमोर सरकवली.

पहिल्याच दिवसाच्या आकड्यांशेजारी, समासात, ओळखीच्या टोकदार पेन्सिलीने लिहिलं होतं: "लोखंड जवळ आहे. लांब हो म्हणवत नाही. ही शाखा पुन्हा मोजणे."

काकूंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

दर हिवाळ्यात ते विचारायचे. चहा पिता पिता, दुसरीकडे बघत: "पश्चिमेची शाखा एकदा पुन्हा मोजायला हवी. येतेस?" आणि काकूंचं दरवर्षी काहीतरी असायचं. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, मग गुडघे. "आता काय राहिलंय तिथे मोजायचं?" असं म्हणून त्यांनी अडतीस हिवाळे तो विषय उडवून लावला होता. दुसऱ्या कोणाला घेऊन ते कधी गेले नाहीत. आणि ही चूक आहे, तुझ्यामुळे झाली आहे, असं एका शब्दाने बोलले नाहीत.

"एकदा तरी जायला हवं होतं गं," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मुलीने नववं पान पुढे ओढलं आणि 'निष्काळजी' शब्दावर आडवी रेघ मारली. मग ती अडली. "कारण काय लिहू, काकू? विजेरीतल्या लोखंडाचा परिणाम, एवढंच?"

"नाही. नीट लिही. त्यांना अर्धवट नोंद चालायची नाही." काकूंनी विजेरी मांडीवर घेतली. "लिही, दिवा धरणारी फार जवळ उभी होती. आणि मोजणाऱ्याला ते माहीत होतं."