गोणीतलं दगडफूल

केजच्या बाजारात शिवगंगाबाईंच्या काळ्या मसाल्याला नाव होतं. नवरा, राजेश्वर, गेल्यावर त्या नावावरच घर तगलं. बाईंची एकच रीत: भाजलेला प्रत्येक जिन्नस आधी स्वतःच्या जिभेवर, मगच कांडायला.

यंदा दगडफूल महागलं, तेव्हा दीर अमरनाथने एक गोणी आणून टाकली. स्वतः कोकणातून आणलंय म्हणाला. बार्शीच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेला हा गडी!

बाईंनी गोणी सोडली. चांगलं दगडफूल वरून राखी, खालून काळं, कडेला मुरडलेलं आणि वाळल्या पानासारखं हलकं असतं. ह्या तर कडक खपल्या होत्या, करड्या, मध्येच पिवळट, खरजेचे पोपडे काढून भरावेत तशा. बाईंना किळस आली. तरी रीत सोडवेना. मूठभर खपल्या तेलावर भाजून त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं. दाताखाली कचकन माती आली.

थुंकता थुंकता हातातल्या खपलीकडे लक्ष गेलं. तिच्या पाठीला चुना होता आणि वर भस्माचे पुसट पट्टे.

लिंगायतांत माणूस रुद्रभूमीत पुरतात, वर दगड-चुन्याची समाधी बांधतात. दर सोमवारी बाई नवऱ्याच्या समाधीवर भस्म ओढायच्या. सावलीच्या अंगाला दगडावर हीच खपली गोल गोल पसरलेली त्यांनी कितीदा पाहिली होती, तिच्यावरूनच बोटं फिरवली होती, आणि तिथे ती कधी ओंगळ वाटली नव्हती.

त्या तशाच उठून रुद्रभूमीत गेल्या. राजेश्वरची समाधी खुरप्याने तासून काढलेली होती. शेजारची सासऱ्यांचीही. बाईंनी उघड्या पडलेल्या दगडावरून बोट फिरवलं. दिराची इतकी शिसारी त्यांना आयुष्यात आली नव्हती.

दुपारी अमरनाथ जेवायला आला. बाईंनी वांग्याची भाजी, भाकरी वाढली. त्याने दोन घास खाल्ले, भाजी झकास झाल्याचं सांगितलं. मग बाईंनी ती खपली त्याच्या ताटाच्या कडेला ठेवली.

"वळखा भाऊजी. तुमच्या भावाच्या उशाची हाय."

अमरनाथचा घास तोंडातच राहिला. तो मोरीकडे धावला, बोटं घालून घालून ओकला, चुळा भरत बसला. डोळ्यांना पाणी आलं तेव्हा कुठे वर बघून म्हणाला, "वैनी, मला कावून खाऊ घातलं?"

"तुमच्या भाजीत न्हाई टाकलं," बाई म्हणाल्या. "जुनाच मसाला हाय त्यात. तुमी मातर अख्ख्या गावाला खाऊ घालाय निघालतात."

तो मान खाली घालून गेला. बाईंनी गोणी उचलून रुद्रभूमीत नेली आणि खड्डा करून पुरली. घरी येऊन त्यांनी मिठाने तोंड धुतलं, मग लिंबाने, मग राखेने. अमरनाथने न खाल्लेलं ओकून टाकलं होतं. खाल्लं होतं ते बाईंनी, आणि दाताखालची ती कचकच काही केल्या जाईना.